लासूर स्टेशनचा जपानी

बन्सी हिवराळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझा वर्ग शोधत चुकून वर जाऊन आमच्या शाळेचा जिना उलटे उतरत होते. तोंड वरच्या मजल्याकडे, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि एकेक पाय मागं टाकत खाली. डोक्यावर केसांचा घट्ट बुचडा, ओठांच्या दोन्ही कडांनी खाली लोंबणाऱ्या बारीक मिशा, अंगात मात्र इस्त्री केलेला साधा पांढरा शर्ट. जिन्याखाली चौथीची मुलं गोळा झाली होती आणि कुजबुजत होती, "जपानी, जपानी."

गोष्ट पंचाण्णव सालची. मी तेव्हा मुकुंदवाडीतल्या शाळेत चौथीला शिकवत होते. आदल्या दिवशी वर्गात मी मुलांना विचारलं होतं, घरी कोण काय काम करतं. कुणाचे वडील कंपनीत, कुणाचे रिक्षावर. करुणा हिवराळे उठली आणि म्हणाली, "माझे वडील पडतात, बाई."

वर्ग हसला. मी विचारलं, "कुठून पडतात?"

"कुठून नाही. स्टेजवर पडतात. ते जपानी आहेत."

मग वर्ग इतका हसला की ती रडायला लागली. म्हणून मी वडलांना बोलावून घेतलं होतं.

ते माझ्यासमोर बाकावर बसले, म्हणजे बाकाच्या कडेला टेकले. आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग हळू आवाजात अस्सल आमच्या बाजूच्या मराठीत म्हणाले, "बाई, पोरगी खोटं बोलली नाय. मी पडायचंच काम करतो. फ्रीस्टाइल दंगलमधी मी जपानचा मिकाडो हाय. पण एक इनंती हाय. मी मराठी बोलतो हे कुणाला सांगू नका. पुढल्या आठवड्यात हितंच खेळ हाय आमचा."

मी त्यांना गाव विचारलं.

"लासूर स्टेशन."

माझं माहेर लासूर स्टेशनचं. धान्याच्या मोंढ्यामागची तालीम, तिचे वस्ताद बद्रीनाथ, सगळं मला माहीत होतं. वस्तादांचं नाव काढल्यावर ते बाकावरून उठून उभे राहिले. तसे ते पुढेही नेहमी राहत. मी ते नाव मुद्दाम काढायचं टाळू लागले, कारण ज्या गुडघ्यांपायी ते जिना उलटा उतरत, त्यांच्यामुळे त्यांना उठायलाही फार त्रास व्हायचा.

बन्सींचे वडील मोंढ्यात हमाल होते. पोरगा अंगानं भरत होता म्हणून बद्रीनाथ वस्तादांनी त्याला मागून घेतला. हिवराळ्यांचं घर बौद्ध. वडलांनी अट घातली की पोरगा मारुतीला हात जोडणार नाही. वस्ताद म्हणाले, "नको जोडू दे. मातीच्या पाया तर पडंल?" वडलांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. तेव्हापासून बन्सी तालमीत आला की हौदाच्या कडेला वाकून तांबडी माती कपाळाला लावायचा आणि आत उतरायचा. मारुतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्या तालमीची एक रीत होती. पोराचा पहिला लंगोट वस्ताद स्वतःच्या हातानं द्यायचे. आणि पैलवानाचे दिवस संपले की त्यानं आपला शेवटचा लंगोट स्वतः धुऊन वस्तादांना परत आणून द्यायचा. वस्तादांनी तो घेतला आणि खुंटीला टांगला की माणूस सुटला. त्याला 'सोडणं' म्हणायचे. वस्तादांनी सोडलं नाही तोवर माणूस पैलवानच. लग्न झालं, टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी कुणी कुस्तीला जोड मागितली की नाही म्हणायचं नाही. माझे एक काका चाळिशीत सुटले, तेव्हा आमच्या घरी पुरणपोळी झाली होती.

बन्सीनं गंगापूर-वैजापूरच्या जत्रांत थोड्याफार कुस्त्या मारल्या. मग वडील पोत्याखाली सापडले, कमरेतून गेले. घर बन्सीवर आलं आणि खुराक तुटला. कामासाठी तो शहरात आला. तिथं राजकुमार शेठ भेटले. शेठ गावोगाव तंबू लावून फ्रीस्टाइल दंगलीचे खेळ करायचे. त्यांच्याकडे परभणीचा एक इराणी होता, नांदेडचा एक पंजाबी होता. जपानी नव्हता.

"बाई, शेठनं मला खालवर बघितलं," बन्सी सांगत. "म्हणले, तेरा चेहरा गोल है, दाढी आती नै. तू जपानी. मी म्हणलो, शेठ, मला जपानी येत नाय. ते म्हणले, अरे तो किसकू आती है? तेरेकू बोलनाच नै. बोला तो खेल खतम."

असा त्यांचा धंदा सुरू झाला. खेळाला सुरुवात झाली की मिकाडोनं चारी बाजूंना कमरेत वाकायचं, मुठीनं मीठ उधळायचं, मग त्या गावच्या कुणा तरी तरुण पोराला दोन डाव बेदम तुडवायचं, आणि तिसऱ्या डावात त्याच्याकडून उचलून आपटून घ्यायचं. लोक उठून नाचायचे. जपान हरला की गाव खूश. खाली फळ्या, फळ्यांवर गोणपाट, त्यावर ताडपत्री. हनुवटी छातीत घ्यायची, दोन्ही तळवे फळीवर मारायचे म्हणजे आवाज मोठा येतो, आणि समोरचा पोरगा नवखा असला तर त्याचं मनगट आपणच आवळून धरायचं, म्हणजे उचलताना त्याची कंबर जात नाही. हे मला त्यांनी चहाच्या कपात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं होतं.

पडण्यापेक्षा त्यांना दिवस अवघड जायचा. ज्या गावात खेळ, त्या गावात दिवसा बोलायचं नाही. हॉटेलात गेलं की बोटानं भजी दाखवायची, बोटानं चहा. जालन्यात एका म्हाताऱ्या चहावाल्यानं त्यांना पाहुणा समजून पैसे घेतले नाहीत आणि विचारलं, "जपान में भी ऐसीच चाय मिलती क्या, बाबा?" त्यांनी मान हलवली. घरी आले की दोन-दोन दिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही. लीलाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "आलं माझं जपान. आता ह्याला परवापर्यंत मराठी शिकवायची."

आणि ह्याच मौनानं त्यांचं गाव त्यांना बंद झालं. पैठणला खेळ होता. बसस्टँडच्या भिंतीवर मिकाडोची जाहिरात चिकटवलेली, आणि तिच्याच पुढं बन्सी बसची वाट बघत उभे. तेवढ्यात समोरून सख्खे मामा आले.

"आरं बन्सी! तू हितं?"

आजूबाजूला दहा माणसं. बन्सींनी हात मांडीला लावले आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"आरं, लवतोस काय असा? मी मामा हाय तुझा!"

बन्सी पुन्हा वाकले आणि समोर जी बस होती तिच्यात चढले. ती शेवगावची निघाली. पुढच्या थांब्यावर उतरून ते चालत परत आले. मामा मात्र जाहिरात वाचून, सगळं समजून, हसत हसत लासूरला गेले आणि त्यांनी मोंढाभर सांगितलं की आपला बन्सी जपानी झाला, रोज मार खातो, लई नाव आहे त्याचं. मामांना अभिमानच वाटला होता. तो त्यांनी वस्तादांनाही ऐकवला.

त्या वर्षी नागपंचमीला बन्सी तालमीत गेले. नागपंचमीला तिथं जुने पैलवान येतात, हौदाची माती उकरतात, तिच्यात ताक, हळद, तेल घालतात. वस्ताद कडेला बसले होते.

"कोण पायजे?" वस्तादांनी विचारलं.

"मी बन्सी, वस्ताद."

"आमचा बन्सी जपानला गेला. तुमाला इतकी चांगली मराठी कुठनं येती?"

पोरं हसली. बन्सी दारातूनच मागं फिरले. तालमीत पाठ लागू नये म्हणून पोरं जीव टाकतात, आणि ह्यानं ठरवून रोज संध्याकाळी पाठ लावली, हे वस्तादांना सहन होणारं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं बन्सी म्हणत.

पुढं बरीच वर्षं गेली. घरोघरी केबल आलं आणि लोक परदेशातली फ्रीस्टाइल टीव्हीवर बघू लागले. तंबू गेला. इराणी वारला, पंजाबी परत नांदेडला जाऊन वॉचमन झाला. राजकुमार शेठही गेले. त्यांचा मुलगा इंद्रजीत आता कार्यक्रम घेतो: कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, गावची जत्रा, मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन. नव्या पोरांना तो जिममधून आणतो. पण जपानी म्हणून बन्सीच लागायचे. लोक आता हरलेल्या मिकाडोला शिव्या देत नाहीत, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, त्या इंद्रजीत काळ्या करायला लावायचा.

मी निवृत्त झाले, शहरातल्याच सिडकोत राहायला आले. बन्सी महिन्या-दोन महिन्यांनी येत. येऊन बसत, फारसं बोलत नसत. माझ्याकडे येणारे बहुतेक जुने पालक मुलांचं सांगतात, नातवंडांचं सांगतात. बन्सी विचारत, "बाई, लासूरला जाऊन आल्या का? वस्ताद कसे हायेत?" आणि विचारताना उभे राहत.

तीन वर्षांपूर्वी बीडच्या बाजूला एका खेळात नवख्या पोरानं त्यांना उचललं आणि घाबरून मध्येच सोडलं. ते मानेवर आले. त्या दिवसापासून उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. करुणानं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला आणि स्पष्ट सांगितलं की मानेत नस दबली आहे, अजून एकदा असं पडलात तर हात-पाय दोन्ही जातील, राहिलेलं आयुष्य गादीवर काढावं लागेल.

करुणा माझ्याकडे येऊन रडली. चौथीत रडली होती तशीच, आवाज न करता. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. पुढच्याच महिन्यात इंद्रजीतचा फोन आला, "काका, काही करायचं नाही, फक्त यायचं आणि एकदा पडायचं," आणि ते गेले.

परत आल्यावर मी जरा रागानंच विचारलं, "पैलवान, हे कशासाठी? करुणा कमावती आहे. घरात कुणाला कमी नाही."

त्यांनी उजव्या हाताची बधिर बोटं डाव्या हातानं चोळली. "दमलोय बाई," म्हणाले. "लई दमलोय. पण वस्तादांनी सोडलं नाय ना."

मला वाटलं थट्टा करताहेत. तसं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर ते एकटेच लासूरला गेले होते, धुतलेला लंगोट पिशवीत घालून. वस्तादांचं वय नव्वदीला टेकलेलं, पण रोज सकाळी तालमीत खुर्ची टाकून बसतात. बन्सींनी लंगोट पुढं केला.

"हे काय?"

"सोडा मला, वस्ताद. मानंचं दुखणं हाय."

"कुस्ती खेळलाच नाय तू. तर सोडू काय?"

एवढंच. बन्सी पिशवी घेऊन परत आले. एखाद्या बाहेरच्या माणसाला ह्याचं हसू येईल. मला आलं नाही, कारण मी त्यांना नाव ऐकून उभं राहताना पाहिलं होतं. त्यांच्या मनात ते अजून त्या तालमीचे होते. दुनिया त्यांना 'मिकाडो' म्हणो, इंद्रजीत 'काका' म्हणो, पण त्यांना थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाचा होता आणि तो माणूस त्यांना ओळखतच नव्हता.

ते दुसऱ्यांदा वस्तादांकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. माहेरी जायचंच होतं. मी तालमीच्या दारात थांबले. बायकांनी आत जायचं नाही असा तिथला नेम आहे. वस्तादांनी मला ओळखलं, "या मास्तरीणबाई," म्हणाले. मग बन्सींकडे न बघता म्हणाले, "हे जपानी पाव्हणं तुमच्याबरुबर व्हय?"

मी म्हणाले, "वस्ताद, तुम्ही एकदा ह्यांचा खेळ पाहिला आहे का?"

"त्यात काय बघायचं?"

"न बघता कसं बोलता?"

शाळेतली सवय, तोंडातून निघून गेलं. पण म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "दाखव म्हणावं," म्हणाला.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, खुलताबादच्या जवळच्या एका गावात जत्रेचा खेळ होता तेव्हा आम्ही वस्तादांना जीपमधून नेलं. खेळ दुपारचा होता. वस्ताद फेटा बांधून पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, हातात काठी. लीलाबाई आल्या नाहीत. खेळ बघायला त्या कधीच गेल्या नाहीत.

बन्सी चढले. बुचडा, काळ्या मिशा, अंगावर फुलाफुलांचा झगा. चारी बाजूंना कमरेत वाकले. वस्तादांच्या बाजूला आले तेव्हा वाकता वाकता त्यांचा हात खाली गेला आणि ताडपत्रीवरून कपाळाला लागला. लोक हसले, त्यांना ते जपानी वाटलं. मग नेहमीसारखे दोन डाव झाले. समोर शिवम नावाचा जिममधला पोरगा होता, दंड मोठे, पाय कच्चे. तिसऱ्या डावात त्यानं बन्सींना उचललं आणि लटपटला. मी डोळे मिटले. आवाज झाला, धडाड. डोळे उघडले तेव्हा बन्सी पडलेले होते, हनुवटी छातीत, आणि त्या पोराचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. पोरगा उभाच होता. गाव ओरडत होतं.

खेळ संपल्यावर बन्सी झगा सावरत वस्तादांपुढं येऊन उभे राहिले. घामानं मिशांचा काळा रंग हनुवटीवर उतरला होता. वस्तादांनी काठीनं त्यांच्या पोटरीला हलकेच ढोसलं.

"हनुवटी आत घेतोस व्हय अजून?"

"तुमीच शिकिवलं, वस्ताद."

"पोराला पडू दिलं नाय."

"नवा हाय तो."

वस्तादांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "अजून होतंय की रं तुझ्यानं, बन्सी."

त्यांनी नाव घेतलं. मला वाटलं, झालं. बन्सींनी घाईनं जीपमधून पिशवी आणली आणि लंगोट काढला. वस्तादांनी हात मागं घेतला.

"होतंय तोवर सोडायचं कसं? होत नाय त्याला सोडतेत."

मी काही बोलणार होते. पण बन्सींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले. ते हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाही म्हटल्याचं दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी दोन खेळ घेतले. इंद्रजीतनं बोलावण्याआधी ह्यांनीच त्याला फोन केला होता. दुसऱ्या खेळानंतर डाव्या हाताचीही बोटं बधिर व्हायला लागली. करुणानं भांडून पाहिलं. मी समजावून पाहिलं. ते म्हणायचे, "वस्ताद म्हणले ना, होतंय."

मार्चमधल्या एका सकाळी लीलाबाई माझ्या दारात आल्या. हिरवं लुगडं नेसलेल्या, हातात तीच कापडी पिशवी. म्हणाल्या, "बाई, चला माझ्यासंगं. मला त्या म्हाताऱ्याची भाषा कळत नाय, तुमी असाव्या."

आम्ही पॅसेंजरनं लासूरला गेलो. तालमीच्या दारात मी उंबऱ्याच्या अलीकडे थांबले, त्याही थांबल्या. आत सोमनाथ, वस्तादांचा नातू, दोन-तीन पोरांना जोर मारायला लावत होता. वस्ताद खुर्चीत.

"वस्ताद, मी बन्सीची बायको. आत येत नाय. तुमचा नेम मोडायला आले नाय."

"बोला."

"त्यांना सोडा."

"बन्सी कुठं हाय?"

"घरी. झोपलेत."

"ह्या टायमाला?"

"रातीला झोप कुठं? बसून झोपतेत ते. खुर्चीत. तीन वरसं झाली. मान मागं टेकली की हात जळतेत. मी खाली चटईवर अन् ते खुर्चीत. सकाळी उठले की आधी बघते, माणूस हाय का गेलं."

सोमनाथनं पोरांना हातानं थांबवलं.

वस्ताद म्हणाले, "खुलताबादला पडला की चांगला. म्या डोळ्यानं बघितलं."

"पडले. तिथनं आले अन् चार दिवस त्यांना भाकर मोडता आली नाय. मी भरवली. तुमाला ते कोण सांगंल?" लीलाबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुमी म्हणले, होतंय. लई खूश झाले हो. चाळीस वरसांत त्यांना कुणी असं म्हणलं नव्हतं. मी बी नाय म्हणले कधी. आता ते होतंय-होतंय करत मरतील. तुमचं एक वाक्य हाय, वस्ताद, पण माझं तर सगळं घर हाय."

वस्तादांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि उठू लागले. सोमनाथ पुढं आला तर त्याला बाजूला केलं. हौदाच्या कडेकडेनं पावलं टाकत उंबऱ्यापर्यंत आले आणि हात पुढं केला.

"धुतला कुणी?"

"त्यांनीच. परवा. पिळता येत नाय आता, म्हणून तसाच वाळत टाकला."

वस्तादांनी लंगोट घेतला. कडक झाला होता, घडी नीट पडत नव्हती. तो त्यांनी दोनदा घडी करून पाहिला आणि शेवटी तसाच काखेत धरला.

"सांगा त्याला, बद्रीनाथनं सोडला."

लीलाबाई तिथंच उभ्या राहिल्या. "ते इचारतील, कुस्ती खेळलो का नाय ते काय म्हणले?"

वस्ताद चिडले. "इचारतील तर मला इचारू दे म्हणावं. तुमाला कशाला? नागपंचमीला ये म्हणावं, माती उकरायला. उकरायला होत नसंल तर कडंला बसंल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्या बाईला चहा पाजा. उन्हाची आली."

परत आलो तेव्हा बन्सी खुर्चीत जागे होते. लीलाबाईंनी रिकामी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि निरोप सांगितला, शब्दाला शब्द. ते उभे राहिले. उभेच राहिले. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, "कुठल्या खुंटीला टांगला?"

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही पाहिलं नव्हतं. दारातून खुंट्या दिसत नाहीत.

"एवढं गेल्या अन् तेवढं बघितलं नाय?" ते म्हणाले, आणि त्या दिवशी आमच्या दोघींवर खरोखर रागावले.

दोन दिवसांनी इंद्रजीतचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. गंगापूरकडं कुणाच्या तरी वाढदिवसाचा खेळ होता.

"नाय जमायचं," बन्सी म्हणाले. "वस्तादांनी सोडलं मला."

पलीकडून आवाज आला, "कोण वस्ताद, काका?"

बन्सींनी फोन लीलाबाईंकडे दिला. त्या म्हणाल्या, "जपानचे," आणि फोन बंद केला.

नागपंचमीला ते लासूरला गेले. वस्तादांशी काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कपाळावर तांबडी माती होती, तीन दिवस त्यांनी ती धुतली नाही असं करुणा सांगत होती. मानेचं ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात अजून एकमत नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी बिघडणार नाही, पण गेलेलं परत येईलच असंही नाही.

करुणाचं टीव्ही सेंटरजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. ती दुपारी जेवायला घरी जाते तेव्हा बन्सी दुकानात बसतात. केस बारीक कापले आहेत, मिशा काढल्या आहेत. मशीन त्यांना अजून चालवता येत नाही, म्हणून आलेल्या माणसांना ते थांबायला सांगतात.